आपत्तीत जनावर दगावलं तर: पंचनाम्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत

मे महिन्यातली दुपार होती. वळवाचा पाऊस आला आणि चिंचेखाली बांधलेल्या दोन म्हशी वीज पडून जागेवर गेल्या. मालक शहाणासुरता माणूस. पण उन्हाळ्याचे दिवस, तासाभरात जनावरं फुगायला लागली, घरातल्या बायकांना ते बघवेना. शेजाऱ्याने जेसीबी आणला आणि दिवस मावळायच्या आत दोन्ही म्हशींना मूठमाती दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात आला. तेव्हा मी तिथे पशुधन पर्यवेक्षक होतो. कानातले बिल्ले म्हशींबरोबर जमिनीत गेले होते, फोटो एकही नव्हता, तलाठ्याला कोणी फोन केला नव्हता. दोन दुभत्या म्हशींचे २०२५-२६ च्या दराने ७५,००० रुपये होतात. त्याला एक रुपयाही मिळाला नाही, आणि नियमावर बोट ठेवलं तर कोणाचीच चूक काढता आली नसती.

नोकरीत हे इतक्या वेळा पाहिलं की माझं मत पक्कं झालंय: मदतीचा निकाल मेलेलं जनावर जागेवर असतानाच लागतो, तहसील कचेरीत तो फक्त वाचला जातो. सगळी कागदपत्रं मिळून तीनच प्रश्नांची उत्तरं देत असतात. जनावर कोणाचं? ते कशाने गेलं? आणि तुम्ही म्हणता तेच जनावर मेलंय कशावरून? पुढची प्रत्येक पायरी या तीनपैकी एका प्रश्नासाठी आहे, हे ध्यानात ठेवलं की कुठला कागद का मागतात ते आपोआप कळतं.

आधी कानातला बिल्ला

ही पायरी आपत्तीच्या आधीची आहे. म्हणूनच ती राहून जाते.

गाय, बैल, म्हैस, वासरू, प्रत्येकाच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला हवा. त्या क्रमांकावर ‘भारत पशुधन’ या ऑनलाइन प्रणालीत जनावराची जात, वय, लसीकरण आणि मालकाचं नाव नोंदलेलं असतं. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून नियम कडक झाला आहे. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य प्राण्याचा हल्ला यांत जनावर गेलं आणि कानात बिल्ला नसेल, तर भरपाई देय राहणार नाही, असं शासनाने स्पष्ट सांगितलं आहे. बिल्ला मारायला गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगायचं. लसीकरणाच्या फेरीत माणसं दारात येतात तेव्हा तर मुळीच टाळू नका. ‘कान पिकतो’ म्हणून नको म्हणणारे खूप भेटतात. कान आठ दिवसांत बरा होतो.

बिल्ला असूनही लोक अडकतात ती जागा वेगळी आहे. जनावर बाजारातून आणलेलं असतं आणि प्रणालीत नाव अजून जुन्या मालकाचंच असतं. बाजार समितीची पावती पाकिटात घडी होऊन पडलेली, नाहीतर हरवलेली. म्हणून जनावर घेतलं की आठवड्याभरात पावती घेऊन दवाखान्यात जा आणि नोंद आपल्या नावावर करून घ्या. बिल्ला तुटून पडला तर नवा मारून घ्या. जुना क्रमांक वहीत लिहिलेला असू द्या, म्हणजे पूर्वीच्या नोंदींशी दुवा राहतो.

दुसरं काम पाच मिनिटांचं. प्रत्येक जनावराचा समोरून, बाजूने आणि बिल्ल्याचा जवळून, असे तीन फोटो काढा आणि घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. पुरात मोबाइलही जातो.

कशाने मेलं, यावर सगळं आहे

ही मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळते. नुसतं ‘जनावर मेलं’ एवढ्यावर हा निधी उघडत नाही, मृत्यूचं कारण यादीतल्या आपत्तीत बसावं लागतं. केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणं, हिमस्खलन, ढगफुटी, टोळधाड आणि थंडीची लाट अशा आपत्ती आहेत. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्यात आपल्याकडच्या पाच आपत्तींची भर घातली: अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणं, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग. आपल्याकडची बहुतेक प्रकरणं या पाचांत आणि पुरात येतात.

सर्पदंश, पोटफुगी, कोवळी ज्वारी खाऊन किराळ, म्हणजे विषबाधा, लागणं, विहिरीत पडणं ही कारणं यात बसत नाहीत. कोणी सांगेल, ‘लिहा वीज पडली म्हणून.’ लिहू नका. शवविच्छेदनात खोटं उघडं पडतं, आणि मग गावातल्या खऱ्या प्रकरणांकडेही संशयाने बघितलं जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

काही मृत्यूंना भरपाई आहे, पण दार वेगळं आहे. बिबट्याने किंवा वाघाने जनावर मारलं तर वनखात्याकडे जायचं, तेही ४८ तासांच्या आत कळवून. तिथे गाय, म्हैस, बैल यांना बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, आणि शेळीमेंढीला ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. तुटलेल्या तारेचा झटका बसला असेल तर वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात कळवायचं. पुढे विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो. साथीच्या रोगासाठी शासन वेगळा निर्णय काढतं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले होते, तो असाच वेगळा निर्णय.

वादळात विजेचा खांब पडून जनावर गेलं तर? तेव्हा दोन्हीकडे कळवा. कारण कोणतं धरायचं ते चौकशीत ठरेल, तुम्ही आधीच एक दार बंद करून घेऊ नका.

किती रुपये मिळतात

केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ठरवलेले दर असे आहेत:

दुभती गाय किंवा म्हैस: ३७,५०० रुपये
शेळी, मेंढी, डुक्कर: ४,००० रुपये
बैल, घोडा: ३२,००० रुपये
वासरू, कालवड, गाढव, शिंगरू, खेचर: २०,००० रुपये
कोंबडी: १०० रुपये, एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,०००
घराला लागून असलेला गोठा: ३,००० रुपये

हे दर चालू वर्षासाठी तेच आहेत की बदलले, हे अर्ज करताना तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत विचारा. घटना ज्या तारखेची, त्या तारखेला लागू असलेला दर मिळतो.

आता मर्यादा. एका कुटुंबाची कितीही जनावरं गेली तरी मोठी दुभती ३, किंवा छोटी दुभती, म्हणजे शेळ्यामेंढ्या, ३०, किंवा ओढकामाची मोठी, म्हणजे बैल-घोडे, ३, किंवा छोटी, म्हणजे वासरं-गाढवं, ६, एवढ्यांचेच पैसे मिळतात. म्हणजे शंभर मेंढ्या मेल्या तरी ३० गुणिले ४,०००, एक लाख वीस हजार. गोठ्यातल्या दहा म्हशी वाहून गेल्या तरी तिघींचे १,१२,५००. एका चांगल्या मुऱ्हा म्हशीला लाखाच्या वर मोजावे लागतात, त्यामुळे हा नियम कुठल्या काळात बसून लिहिला असा प्रश्न पडतो. दोन गाई पाळणाऱ्यासाठी तो ठीक आहे. वीस गाईंचा गोठा कर्ज काढून उभा केलेल्या तरुणासाठी तो अगदीच तोकडा आहे.

ही मर्यादा एकदा उठली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, गोदावरीच्या पुरांनी सोलापूर, धाराशिव, बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांत गोठेच्या गोठे नेले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये राज्याने ३१,६२८ कोटींचं जे पॅकेज जाहीर केलं, त्यात तीन जनावरांची अट काढून टाकली. दर मात्र तेच राहिले, दुभत्याला ३७,५०० आणि ओढकामाच्याला ३२,०००. ती सवलत त्या पावसाळ्यातल्या नुकसानीसाठी होती. पुढच्या आपत्तीत ती असेलच असं धरून चालू नका, पण म्हणून पंचनाम्यात तीनच जनावरं लिहू नका. गेली तेवढी सगळी लिहा. मर्यादा नंतर उठली तर ज्यांच्या पंचनाम्यात पूर्ण आकडा आहे त्यांनाच पैसे मिळतात. ‘तिघांचेच मिळणार, बाकीची कशाला लिहायची’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा, लिहायला शाई लागते, पैसे नाही.

पहिले काही तास

आधी जिवंत जनावरांना हलवा. मग फोन. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि पशुवैद्यकीय दवाखाना, या चौघांना कळवायचं. तलाठ्यांचं पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकाचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय. अर्जात नवं नाव लिहा, हाक जुनीच मारा, त्यांनाही तीच कळते. कोणी फोन उचलत नसेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि पशुवैद्यकीय मदतीचा १९६२, हे दोन क्रमांक आहेत. तोंडी कळवलं तरी लगेच व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: ‘आज दुपारी सव्वातीन वाजता गट क्रमांक अमुकमध्ये वीज पडून माझी एक म्हैस व एक कालवड दगावली.’ पुढे ‘तुम्ही कळवलंच नव्हतं’ असं झालं तर ही ओळ उपयोगी पडते.

मग फोटो. जनावर पडलं आहे तसंच, हलवायच्या आधी. मागे झाड, पडलेली भिंत, पुराची रेघ, जे असेल ते दिसू द्या. बिल्ल्याचा क्रमांक वाचता येईल असा जवळून एक. मालक जनावराशेजारी उभा असलेला एक. फोटोवर तारीख, वेळ आणि ठिकाण छापणारं ॲप असेल तर उत्तम. आजूबाजूचं सगळं दाखवत एक मिनिटाचा व्हिडिओ काढा.

विजेच्या मृत्यूत डॉक्टर काय बघतो ते सांगतो, म्हणजे तुम्ही ते पुसणार नाही. अंगावरचे जळके पट्टे, करपलेले केस, तोंडात तसाच राहिलेला घास, एका रांगेत किंवा तारेच्या कुंपणालगत पडलेली जनावरं, झाडाची सोललेली साल. कधीकधी अंगावर खूण काहीच नसते. अशा वेळी झाडाचा आणि जागेचा फोटोच बोलतो.

आणि एक इशारा, पैशापेक्षा मोठा. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, तर ती फाशी, म्हणजे काळपुळी असू शकते. हा रोग माणसाला होतो. अशा जनावराला कापू नका, कातडं काढू देऊ नका, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका आणि डॉक्टरला फोनवरच हे सांगा. असं शव डॉक्टरही उघडत नाहीत, बाहेरून नमुना घेऊन तपासतात.

डॉक्टर येईपर्यंत शव सावलीत ठेवता आलं तर ठेवा, ताडपत्रीने झाका. उन्हाळ्यात चोवीस तासांनंतर शवविच्छेदनातून फारसं काही हाती लागत नाही. तेही उजेडातच करतात, म्हणून दुपारी फोन करायला चुकलात तर दुसरा दिवस उजाडतो.

पंचनामा: वाचल्याशिवाय सही नको

जागेवर तलाठी, ग्रामसेवक आणि पशुवैद्यक येतात, गावातले पंच घेतात, आणि पंचनामा लिहितात. पशुवैद्यक वेगळा शवविच्छेदन अहवाल किंवा मृत्यूचा दाखला देतो. हे दोन कागद म्हणजे प्रकरणाचा कणा. मदत मंजूर करताना तहसीलदार तुमच्याकडे बघत नाही, या कागदांकडे बघतो.

त्यात काय असायला हवं? मालकाचं नाव आधारवर आहे तसं, अक्षरन् अक्षर. घटनेची तारीख, वेळ आणि गट क्रमांक. जनावराचं वर्णन: जात, रंग, शिंगं, वय, वेत. बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक. मृत्यूचं कारण नेमक्या शब्दांत: ‘वीज पडून’, ‘पुराच्या पाण्यात बुडून’, ‘अतिवृष्टीने गोठ्याची भिंत अंगावर पडून’. ‘पावसात मृत झाले’ हे वाक्य कोणत्याच रकान्यात बसत नाही. आणि पंचांच्या सह्या.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो जनावराच्या वर्णनात. दुभत्या गाईचे ३७,५०० आणि कालवडीचे २०,०००, म्हणजे एका शब्दाला साडेसतरा हजारांची किंमत आहे. दुसऱ्या वेताची गाय अंगाने लहान म्हणून घाईत ‘कालवड’ लिहिली गेल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. गाभण म्हैस आटवलेली असते तेव्हा पंचनाम्यात नुसतं ‘भाकड’ येतं, आणि पुढे कोणीतरी शेरा मारतं की ही दुभती नव्हे. तिथल्या तिथे सांगा: ‘साहेब, तिसरं वेत, सात महिन्यांची गाभण, असं लिहा.’ खरं आहे तेवढंच लिहायला सांगताय, संकोच कशाचा? कृत्रिम रेतनाची पावती असेल तर दाखवा.

दोन भाऊ एकाच वाड्यात राहतात पण रेशनकार्डं वेगळी, चूल वेगळी, गोठाही वेगळा. अशा वेळी ज्याचं जनावर त्याच्या नावाने स्वतंत्र पंचनामा मागा. मर्यादा कुटुंबाला असते. ज्याच्या नावावर बिल्ला, त्याच्या नावाने पंचनामा. उगाच फोड करायला जाल तर प्रणालीतली नोंद आड येते.

सही करून झाली की पंचनाम्याच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. नाही म्हणण्याचं कोणाला काही कारण नसतं. पंचनामा संपल्यावर मगच शव पुरा: खोल खड्डा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, वर चुना आणि मीठ. नदीत सोडू नका. जनावराचा विमा असेल तर खड्डा बुजवायच्या आधी विमा कंपनीलाही कळवा, आणि बिल्ल्याचं काय करायचं ते त्यांच्याकडून समजून घ्या. दाव्यासाठी बऱ्याचदा तो बिल्लाच मागतात.

जनावर वाहून गेलं असेल तर

पुरात शवच सापडत नाही. शवविच्छेदन कशाचं करणार? तिथे पहिला आणि तिसरा प्रश्न अवघड होऊन बसतो: तुमच्याकडे जनावर होतं कशावरून, आणि ते गेलं कशावरून?

माझ्या मते यातला सर्वांत बोलका पुरावा दूध संस्थेच्या पुस्तकात असतो. रोज सकाळ-संध्याकाळ बारा लिटर दूध घालणाऱ्याचं दूध २२ तारखेच्या संध्याकाळपासून बंद झालं, हे संस्थेच्या नोंदीत तारखेनिशी दिसतं. त्याचा सहीशिक्क्याचा उतारा घ्या. त्याला जोड म्हणून भारत पशुधनवरची तुमच्या नावाची नोंद, लसीकरणाच्या तारखा, रेतनाच्या पावत्या, जनावरासाठी घेतलेल्या कर्जाचे किंवा विम्याचे कागद, जुने फोटो. पोळ्याला सजवलेल्या बैलांचे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात, त्यांचाही उपयोग होतो. शेजाऱ्यांचे लेखी जबाब आणि सरपंच व पोलीस पाटलाचा दाखला घ्या.

नदीकाठच्या खालच्या गावांत फोन करा. पाणी ओसरल्यावर शवं झुडपांत, बंधाऱ्याला अडकलेली सापडतात, आणि कानात बिल्ला असेल तर दहा किलोमीटर खाली सापडलेली गायही तुमचीच ठरते. अशा वेळी तिथे सापडल्याचा पंचनामा त्या गावच्या तलाठ्याकडून करून घ्या.

पावसाचा पुरावाही जोडा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस दिसतो, तुमच्या तारखेची छापील प्रत काढून अर्जाला लावा. मंडळात पाऊस कमी आणि वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्याने पूर, असंही होतं. तिथे कारण ‘पूर’ लिहा, अतिवृष्टीच्या आकड्यात अडकू नका.

तहसीलदारांना अर्ज

पंचनामा झाला म्हणजे अर्जाची गरज नाही असं अनेकांना वाटतं. कागदोपत्री ते खरंही असेल. पण अर्जाला आवक क्रमांक मिळतो, आणि पुढे भांडायची वेळ आली तर तुमच्या हातात तोच असतो. मजकूर एवढा पुरे:

‘मा. तहसीलदार साहेब, तालुका अमुक. विषय: वीज पडून मृत झालेल्या पशुधनासाठी मदत मिळणेबाबत. महोदय, मी मौजे अमुक येथील रहिवासी असून दिनांक अमुक रोजी दुपारी ३.१५ वाजता गट क्रमांक अमुकमध्ये वीज पडून माझी एक दुभती म्हैस (बिल्ला क्रमांक अमुक) व एक कालवड (बिल्ला क्रमांक अमुक) मृत झाली. घटनेचा पंचनामा व शवविच्छेदन दिनांक अमुक रोजी झाले आहे. तरी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मदत मंजूर व्हावी, ही विनंती.’

सोबत पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत, फोटो, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान. सातबारा असेल तर लावा, पण नसल्यामुळे मागे हटू नका. ही मदत जनावराच्या मालकाला आहे, जमीन असो वा नसो. भूमिहीन मजुराची शेळी ही शेळीच असते. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन घरी आणा.

व्हीके नंबर आणि केवायसी

तालुक्यातून मंजूर लोकांची यादी ऑनलाइन चढते आणि प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. गावात सगळे त्याला व्हीके नंबर म्हणतात. याद्या तलाठी कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत लावतात. तो क्रमांक आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जायचं, अंगठा देऊन ई-केवायसी करायची. केवायसी करताना पडद्यावर नाव, जनावरांची संख्या, रक्कम आणि बँक दिसते. ते वाचा. चूक असेल तर तिथे ‘असहमत’ म्हणून तक्रार नोंदवता येते. अंगठा दिल्यावर दुरुस्तीला फेऱ्या वाढतात. शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना काही मदतींत केवायसीतून सूट दिली गेली आहे, तुमच्या यादीला ती लागू आहे का ते तलाठ्याला विचारा.

पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. अर्जाला ज्या पासबुकाची प्रत लावली त्याच खात्यात येतील असं नाही! चार वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेसाठी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्याला आधार जोडलेलं असतं, आणि ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्याचे पैसे तिथे पडून असतात. बँकेत जाऊन विचारा, ‘माझं आधार कोणत्या बँकेला डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी) जोडलंय?’ व्यवहार नसल्याने बंद पडलेलं खातं आधी चालू करून घ्या. आणि बँकेने ही रक्कम जुन्या कर्जात वळती करायला घेतली तर मदतीच्या शासन निर्णयातलं ते वाक्य दाखवा: मदतीच्या रकमेतून वसुली करू नये, असं त्यात लिहिलेलं असतं.

अडकलं तर कुठे जायचं

महिना-दीड महिना झाला आणि यादीत नाव नाही, तर आवक क्रमांक घेऊन तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत जा. ‘कधी मिळणार?’ हा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर नसतं. विचारायचं ते हे: ‘माझं प्रकरण कोणत्या टेबलावर आहे, आणि कशासाठी थांबलंय?’ बहुतेक वेळा कारण क्षुल्लक निघतं. दाखल्यावर शिक्का राहिलेला, आधारवर ‘बाबुराव’ आणि पंचनाम्यात ‘बाबू’, बिल्ल्याचा एक अंक चुकलेला. हे तुम्हीच धावपळ करून चार दिवसांत निस्तरू शकता. निधीच आलेला नसेल तर मात्र थांबण्यावाचून इलाज नाही.

तिथे दाद लागली नाही तर उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हाधिकाऱ्यांचा पहिल्या सोमवारी असतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. एका अर्जात एकच विषय ठेवा आणि १५० शब्दांत आवरा, महाराष्ट्राचा नियमच तसा आहे. मागायचं ते नेमकं: ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत, आणि अमुक महिन्यात आमच्या गावातून पशुधन मदतीसाठी पाठवलेल्या यादीची प्रत.’ अर्ज गेल्या गेल्या फाइल हलते, असा माझा अनुभव आहे. उत्तर येण्याआधीच कधीकधी पैसे येतात.

कोंबड्या आणि मेंढ्या

कुक्कुटपालकांना या निधीतून फार आशा ठेवता येत नाही. पाच हजार पक्ष्यांचं शेड वाहून गेलं तरी कुटुंबाला १०,००० रुपये, म्हणजे शंभर पक्ष्यांचे पैसे. कंपनीशी करार करून पक्षी वाढवणाऱ्यांचा पेच आणखी वेगळा, कारण पिल्लं कंपनीची असतात. करारात आपत्तीचा धोका कोणावर टाकलाय ते सही करायच्या आधी वाचा. बर्ड फ्लूने पक्षी मारावे लागले तर त्याची भरपाई पशुसंवर्धन विभागाच्या वेगळ्या योजनेतून होते, ती इथे मागू नका.

मेंढपाळांचं दुखणं असं की त्यांचा कळप गावात नसतोच. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठ्याने जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर भागात शेकडो मेंढ्या एका रात्रीत कोलमडल्या. त्यांतले कितीतरी कळप दुसऱ्या तालुक्यांतून चराईला आलेले होते. अशा वेळी नियम सोपा आहे: जिथे मेंढ्या मेल्या, तिथल्याच तलाठ्याकडून आणि तिथल्याच पशुवैद्यकाकडून पंचनामा. आपल्या गावी जाऊन करू म्हणून निघालात तर तिथला तलाठी म्हणणार, ‘माझ्या हद्दीत काही घडलंच नाही,’ आणि ते खरंच असतं. वाड्याच्या, म्हणजे कळप मुक्कामाला बसवलेल्या जागेचा गट क्रमांक जमीनमालकाकडून विचारून घ्या, त्यालाच पंच म्हणून सही करायला सांगा. मेंढ्या मोजताना रांगेत ठेवून फोटो काढा, दर दहा मेंढ्यांचा एक, म्हणजे आकड्यावर वाद होत नाही. गारठ्यात मेंढ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही जात राहतात. त्यांचा पुरवणी पंचनामा करून घेतल्याशिवाय वाडा हलवू नका.